पेकन मंद आचेवरच भाजा

मा. संपादक,

स. न. वि. वि.

आपल्या नाताळच्या पुरवणीतली साखरेतल्या पेकनची (अक्रोडासारख्या दिसणाऱ्या अमेरिकी सुक्या मेव्याची) पाककृती माझ्या नणंदेने पुण्याहून फोटो काढून पाठवली. "वहिनी, तुमच्या दारातल्या झाडाचं आलंय बघा पेपरात," असा सोबत निरोप. आनंदाने वाचायला घेतली आणि दुसऱ्याच ओळीला थांबले. पेकन २०० अंश सेल्सिअसला वीस मिनिटे भाजावेत आणि मग त्यावर कॅरमल ओतावे, असे त्यात छापले आहे. खाली 'पेकन म्हणजे अमेरिकेतला अक्रोडच' अशी टीपही आहे. या दोन्ही गोष्टी दुरुस्त व्हायला हव्यात, म्हणून हे पत्र लिहिते आहे. पत्र लांबेल, पण कृपया भाजण्याचा भाग तरी कापू नये.

मी मूळची वाईची, सासर साताऱ्याचे. गेली अकरा वर्षे मुलाकडे टेक्सासमध्ये सॅन अँटोनियोला राहते. घराच्या मागे पेकनचे झाड आहे, आम्ही घर घेण्याच्या कितीतरी आधीपासूनचे. ऑक्टोबरच्या शेवटी त्याच्या हिरव्या टरफलाला चार चिरा पडतात, चार पाकळ्या उलगडतात आणि आतले तपकिरी, लांबट फळ खाली पडते. नोव्हेंबरभर रात्री शेडच्या पत्र्यावर टपटप चालू असते. सकाळी खारी आणि कावळे यांच्या आधी वेचायला गेले तर आपल्या वाट्याला येते, नाहीतर नाही. झाडाचे एक वर्ष भरघोस तर पुढचे रिकामे, अगदी आंब्यासारखे. हे वर्ष भरघोस होते.

आता आधी अक्रोडाचे. दोन्ही झाडे एका कुळातली आहेत हे खरे, पण पेकन हे हिकरी नावाच्या वेगळ्या गटातले झाड. ते मिसिसिपीच्या खोऱ्यातले, टेक्सासमधले आणि उत्तर मेक्सिकोतले. नाव अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या अल्गॉन्क्विन भाषांतून आले, अर्थ दगडाने फोडावे लागणारे फळ. अक्रोडाच्या सालीत जो तुरटपणा असतो तो पेकनच्या सालीत जवळजवळ नसतो. गरही मऊ, लोण्यासारखा. इथल्या लोकांना हा फरक इतका जिव्हाळ्याचा आहे की टेक्सासचे एक गव्हर्नर जेम्स हॉग १९०६ साली वारले, तेव्हा त्यांची इच्छा होती की थडग्यावर दगड नको, डोक्याशी पेकन लावा आणि पायाशी अक्रोड, आणि त्यांची फळे सामान्य लोकांना लावायला वाटा. १९१९ मध्ये पेकन हे टेक्सासचे राज्यवृक्ष झाले. ज्या माणसाने दोन झाडे दोन टोकांना मागितली त्याला ती दोन वेगळी झाडे नक्की माहीत होती.

आता भाजणे. पेकनच्या शंभर ग्रॅमांत सत्तर ग्रॅमांहून अधिक तेलच असते. सोलल्यावर वर कवच नाही, साल कागदासारखी पातळ, आणि अंगावर खोल पन्हाळी. त्या पन्हाळीच्या कडा आधी तापतात. २०० अंशांवर कडा काळ्या होतात तेव्हा मधला भाग नुकता कुठे गरम होत असतो, आणि एकदा जळका कडवटपणा आला की वर कितीही साखर घाला, तो जिभेला लागतोच. हे मी ऐकीव सांगत नाही. पहिल्या हिवाळ्यात मी शेंगदाणे भाजल्यासारखा ओव्हन चांगला तापवून पेकन आत घातले होते. तीन संध्याकाळी बसून फोडलेले, सोललेले, साफ केलेले. सगळे टाकावे लागले. इथे निदान पुढच्या वर्षी झाडाला परत लागतात. पुण्या-मुंबईत माणूस पाव किलो पेकन विकत आणतो ते परदेशातून आलेले असतात, आणि २०२३ च्या अर्थसंकल्पात त्यांच्यावरचे आयात शुल्क १०० टक्क्यांवरून ३० टक्क्यांवर आले असले तरी ते काही शेंगदाण्याच्या भावाने मिळत नाहीत. आपल्या वाचकांचे ते पाव किलो वाया जाऊ नयेत, एवढीच माझी तळमळ आहे.

ओव्हन १५० अंशांवर ठेवावा. पेकन एकाच थरात पसरावेत, एकावर एक नकोत. सहा-सात मिनिटांनी ताट हलवावे. दहाव्या मिनिटापासून दारापाशी उभे राहावे, कारण पुढची तीन-चार मिनिटे नाकाने ओळखायची असतात. एक पेकन बाहेर काढून मोडावा. आत दुधी पांढरा असेल तर अजून व्हायचा आहे. फिकट बिस्किटाचा रंग आला की लगेच बाहेर काढून थंड ताटात पसरावा, कारण गरम पत्र्यावर तो पुढेही भाजत राहतो. गरम असताना मऊच लागतो. कुरकुरीत होतो तो गार झाल्यावर, म्हणून मऊ आहे म्हणून परत आत ढकलू नये.

ओव्हन नसेल तर लोखंडी किंवा जाड बुडाची कढई घ्यावी, गॅस बारीक, आणि हात थांबवायचा नाही. आठ-दहा मिनिटे लागतात. मोठ्या आचेवर परतले की बाहेरून डाग पडतात आणि आत कच्चे राहतात. रवा भाजताना आपण जितका धीर धरतो तितकाच इथे लागतो.

आमच्या ह्यांना साखर चालत नाही, त्यांच्यासाठी खारे करते. कोरड्या पेकनवर मीठ भुरभुरले तर ते सगळे तळाशी जाते. म्हणून खाऱ्या शेंगदाण्यांसारखे करते: दोन चमचे गरम पाण्यात अर्धा चमचा मीठ विरघळवायचे, त्यात दोन वाट्या पेकन घोळवायचे, पंख्याखाली तासभर सुकवायचे आणि मग भाजायचे. बाहेर काढल्या काढल्या चमचाभर तुपात परतून त्यावर जिरेपूड आणि किंचित लाल तिखट. मुलाच्या ऑफिसातले लोक हे डबे मागून नेतात.

भाजण्याआधी एक काम आहे ज्याचा आपल्या पाककृतीत उल्लेखच नाही. कवच फोडल्यावर पेकनच्या पन्हाळीत तांबूस तपकिरी, भुशासारखा पदार्थ अडकलेला असतो. तो अतिशय कडू. सोललेले विकत आणले तरी कुठे ना कुठे राहिलेला असतो. टाचणीने किंवा टूथपिकने तो काढावा. आणि साखर घालण्याआधी प्रत्येक पुड्यातला एक पेकन चावून बघावा. इतके तेल असलेला पदार्थ उन्हाळ्यात बाहेर राहिला की खवट होतो, आणि खवटपणा पाकात बुडत नाही. रंग जितका फिका तितका सहसा ताजा. उरलेले पेकन फडताळात नव्हे, घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजरमध्ये ठेवावेत. तिथे वर्षभर सहज राहतात.

आता साखरेचे. मला मुख्यतः ज्याबद्दल लिहायचे होते ते इथे आहे.

माझ्या सासूबाई संक्रांतीचा हलवा घरी करायच्या. पौषातल्या थंडीत, मंद शेगडीवर परात, परातीत तीळ, बाजूला एकतारी पाक. चमचाभर पाक सोडायचा आणि बोटांनी तीळ फिरवत राहायचे, पाक सुकून प्रत्येक तिळावर साखरेचा पातळ पापुद्रा धरेपर्यंत. मग पुढचा चमचा. असे तीन-तीन, चार-चार दिवस. हळूहळू काटे यायचे. घाई करून जास्त पाक सोडला की तीळ एकमेकांना चिकटून गोळा व्हायचा आणि मोठी आच केली की हलवा पिवळा पडायचा. त्यांच्या उजव्या हाताच्या बोटांची टोके जानेवारीत लाल असायची. घरातल्या प्रत्येक नव्या सुनेला त्यांनी हलव्याचे दागिने स्वतःच्या हाताने केले. माझी बोरमाळ त्यांनी केलेली होती.

सॅन अँटोनियोला आले त्याच वर्षी शेजारच्या बाईंनी मला त्यांच्या स्वयंपाकघरात बोलावले. त्या ऐंशीच्या पुढच्या, मेक्सिकन घरातल्या, याच शहरात जन्मलेल्या. पेकनला त्या नुएसेस म्हणतात. इथून दक्षिणेला त्याच नावाची नदी आहे, स्पॅनिश लोकांनी काठावरची ही झाडे पाहून नाव दिलेली. त्यांनी पातेल्यात पेकन, साखर आणि पाणी एकदमच टाकले आणि लाकडी उलथन्याने ढवळायला लागल्या. पाक उकळला, दाटला, मोठे बुडबुडे आले, आणि मग माझ्या डोळ्यांदेखत तो एकाएकी फुटून कोरडी पांढरी वाळू झाली, प्रत्येक पेकनला खरखरीत चिकटलेली. मी मराठीतच ओरडले, "अहो, हा तर हलवा!" त्यांना शब्द कळला नाही, पण मी बोटांनी परातीत तीळ फिरवून दाखवले तेव्हा कळले. या प्रकाराला त्या गारापिन्यादास म्हणतात. तेव्हापासून मी त्यांच्याच पद्धतीने करते.

दोन वाट्या साफ केलेले पेकन, एक वाटी साखर, अर्धी वाटी पाणी, चिमूटभर मीठ, पाव चमचा दालचिनीची पूड. जाड बुडाच्या पसरट भांड्यात सगळे एकत्र करून मध्यम आचेवर ठेवावे आणि अधूनमधून ढवळावे. पाणी आटून पाक एकतारीच्या पुढे गेला की ढवळणे थांबवायचे नाही. इथे लोक घाबरतात, साखर फसली असे समजून वर पाणी ओततात. फसलेली नसते. पाणी उडून गेल्यावर ढवळल्यामुळे साखरेचे कण पुन्हा जमतात, आणि ते पेकनच्या अंगावर जमावेत हेच आपल्याला हवे असते. गुलाबजामच्या पाकात आपण लिंबू पिळतो ते साखर परत दाणेदार होऊ नये म्हणून, तेव्हा इथे लिंबू अजिबात पिळू नये. काहींना हा पांढरा, खरखरीत प्रकारच आवडतो. तो हवा असेल तर इथेच उतरवावा. तांबूस चकाकी हवी असेल तर आच अगदी बारीक करून आणखी चार-पाच मिनिटे ढवळावे. वाळू कडेकडेने विरघळते, मधासारखा रंग येतो. सगळी विरघळू देऊ नये, अर्धी वाळू आणि अर्धी चकाकी असताना तुपाचा हात लावलेल्या ताटात काढून दोन काट्यांनी दाणे झटपट सुटे करावेत. हाताने करू नये, साखर फार तापलेली असते.

या पद्धतीत पेकन आधी भाजायचे नसतात. पाकाबरोबर ते आपोआप भाजले जातात. आपल्या पाककृतीत आधी भाजणे आणि मग उकळते कॅरमल अशी दोनदा आच लावली आहे, आणि कॅरमल तर दीडशे अंशांच्या कितीतरी वर गेलेले असते.

गूळ वापरून बघण्याचा मोह होईल. मलाही झाला. इथल्या मेक्सिकन दुकानांत पिलोन्सियो नावाने गुळाच्या शंकूसारख्या लहान ढेपा मिळतात, चवीला आपल्या गुळाच्या अगदी जवळच्या. पण गुळाची अशी वाळू होत नाही, त्याची चिक्की होते. पेकनची चिक्की सुरेखच लागते, फक्त तो वेगळा पदार्थ आहे. अंडे चालणाऱ्या घरात आणखी एक सोपा मार्ग आहे. एका अंड्याचे पांढरे चमचाभर पाण्यात फेसून त्यात अर्धा किलो पेकन घोळवावेत, वाटीभर साखर, दालचिनी आणि मीठ लावावे, आणि १२० अंशांवर तासभर ठेवून दर पंधरा मिनिटांनी हलवावे. इथे नाताळात घरोघर असेच करतात. मला पातेल्यातले अधिक आवडतात.

मुंबई-कोकणच्या दमट हवेत ही साखर लवकर ओलसर होते. पूर्ण गार झाल्यावरच डबा भरावा आणि झाकण सारखे उघडू नये. थंडीतला पदार्थ आहे, पावसाळ्यात करू नये. आणि पेकन मिळाले नाहीत तर काश्मिरी अक्रोड किंवा काजू घेऊन हाच पाक करावा, शेंगदाण्यांचाही उत्तम होतो. मात्र मग त्याला पेकन म्हणू नये आणि पेकनला अक्रोड म्हणू नये.

नावाबद्दल मी इतका आग्रह धरते त्याला कारण आहे. आपल्याकडे बाठ्यापासून उगवलेला तो रायवळ आणि खात्रीचा हापूस हवा तर कलम, हे लहान मुलालाही माहीत असते. पेकनचेही तसेच आहे. बी लावून आलेल्या झाडाचे फळ आईच्या झाडासारखे येईल याचा भरवसा नाही. आमच्या मागचे झाड असेच रायवळ आहे, फळ लहान, कवच जाड, चव अप्रतिम. पेकनचे यशस्वी कलम १८४६-४७ च्या हिवाळ्यात लुइझियानामधल्या ओक अ‍ॅली मळ्यात बांधले गेले. ते बांधणारा माळी गुलाम होता. त्याचे नाव आंत्वान एवढेच कागदोपत्री उरले आहे, आडनाव नाही. त्याच्या झाडांची फळे पुढे १८७६ साली अमेरिकेच्या स्वातंत्र्याच्या शताब्दीनिमित्त भरलेल्या फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात वाखाणली गेली आणि त्या जातीला 'सेंटेनियल' (म्हणजे शताब्दीचे) नाव मिळाले. आज दुकानात हाताने दाबून फुटणाऱ्या पातळ कवचाचे जे पेकन मिळतात त्यांच्या कलमांची सुरुवात त्या माणसाच्या हातापासून आहे.

आणि दुसरी गोष्ट माझ्या शेजारणीच्या आईची. १९३० च्या दशकात सॅन अँटोनियो हे पेकन सोलण्याचे मोठे केंद्र होते. यंत्रे होती, पण शहराच्या पश्चिम भागातल्या मेक्सिकन बायकांचे हात यंत्राहून स्वस्त पडत. बंद, कोंदट खोल्यांत लांब बाकांवर बसून दिवसभर सोलायचे. पेकनची बारीक तपकिरी धूळ हवेत तरंगायची आणि या वस्तीत क्षय फार होता. आठवड्याला हातात दोन-तीन डॉलर. १९३८ च्या जानेवारीअखेर तीही मजुरी कमी केली तेव्हा सुमारे बारा हजार कामगार काम सोडून बाहेर पडले. त्यांच्या पुढे होती एम्मा तेनायुका, वय वर्षे एकवीस. शेकडो जणांना अटक झाली. शेवटी लवाद बसला आणि मजुरीचा प्रश्न मिटला, पण त्याच वर्षी किमान वेतनाचा कायदा आल्यावर मालकांनी यंत्रे आणली आणि हजारो बायकांचे काम गेले. शेजारीणबाईंची आई त्या बाकांवर बसलेली. त्यांना आईचे दोन आवाज आठवतात, कवच मोडल्याचा आणि खोकल्याचा. अख्खा अर्धा पेकन, न मोडता, एका झटक्यात बाहेर काढण्यात आईचा हात कोणी धरू शकत नसे, असे त्या आजही अभिमानाने सांगतात.

पाककृतीच्या चौकटीत हे सगळे छापता येणार नाही, मला समजते. पण एका पेकनचे दोन अखंड अर्धे ताटात पडतात त्यामागे काय आहे हे माहीत असलेला माणूस ते २०० अंशांवर टाकून दुसऱ्या कामाला जाणार नाही, असे मला मनापासून वाटते.

संक्रांतीला आठ दिवस आहेत. शक्य झाल्यास त्याआधी दुरुस्ती छापावी: भाजायचे तर १५० अंश, बारा ते पंधरा मिनिटे, पाकात करायचे तर आधी भाजू नयेत. आमच्याकडे हळदीकुंकवाला यंदा तिळाच्या हलव्याशेजारी पेकनचा पांढरा हलवा असेल. त्यासाठी तीन किलो फोडून झाले आहेत, अजून दोन राहिले आहेत. पन्हाळीतला कडू भाग काढायला शेजारीणबाईंनी त्यांच्या आईची लहान, वाकड्या टोकाची सुरी मला दिली आहे. लाकडी मूठ झिजून अंगठ्याच्या आकाराची झाली आहे. काम संपले की ती मी धुऊन, पुसून, डब्यासोबत परत नेऊन देणार आहे.

आपली नियमित वाचक,
सॅन अँटोनियो, टेक्सास
(मूळ गाव वाई, जि. सातारा)